वाळवंटातून कालवा गेला की झाडोरा कसा बदलतो, आणि हरणांना त्याचा उपयोग होतो का?

वाळूवरची_रेघ

गेले काही आठवडे मी उपग्रहचित्रांवरून अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातला सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट हा कालवा पाहत आहे. कोलोरॅडो नदीवरील हवासू जलाशयातून निघून, फीनिक्स शहराला वळसा घालत तो टूसॉनच्या दक्षिणेपर्यंत सुमारे ५४० किलोमीटर जातो. काम १९७३ मध्ये सुरू झाले आणि १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्याची बहुतेक वाट सोनोरन वाळवंटातून आहे.

चित्र मोठे करून पाहताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. कालव्याच्या डोंगराकडच्या अंगाला ठिकठिकाणी गडद हिरवे पट्टे दिसतात, आणि कालवा ओलांडून उताराच्या अंगाला गेले की तीच जमीन फिकट व विरळ दिसते. कालव्याला काँक्रीटचे अस्तर आहे, त्यामुळे ही हिरवळ पाझराची म्हणता येत नाही. शिवाय पाझर असता तर तो खालच्या अंगाला दिसायला हवा होता.

माझे प्रश्न दोन आहेत. ही हिरवळ नेमकी कशाची? आणि त्या भागात राहणारी म्यूल डिअर जातीची हरणे (खेचरासारख्या मोठ्या कानांमुळे त्यांना हे नाव पडले) या बदललेल्या झाडोऱ्याचा उपयोग करून घेतात का? वाळवंटात हिरवळ वाढली म्हणजे हरणांचे भलेच झाले असावे, असे मला वाटते. जाणकारांनी ते तपासून द्यावे.

पाटकरी

पाटबंधाऱ्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेन. ती हिरवळ कालव्याच्या पाण्यावर वाढलेली नाही. कालव्याने अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर ती वाढली आहे.

असा लांब कालवा उताराला आडवा, जवळजवळ समतल रेषेने न्यावा लागतो. डोंगराच्या पायथ्यापासून खाली येणारे लहानमोठे कोरडे ओढे त्यामुळे त्याला काटकोनात येऊन भिडतात. जोराचा पाऊस झाला आणि या ओढ्यांचे गढूळ पाणी कालव्यात शिरले, तर कालवा गाळाने भरतो आणि काठ खचतात. म्हणून वरच्या अंगाला मातीचा भराव घालून पाणी अडवायचे, ते भरावाच्या कडेकडेने वळवत ठरावीक जागी आणायचे, आणि तेथे सुपर पॅसेज बांधून कालव्याच्या डोक्यावरून किंवा मोरी बांधून त्याच्या पोटाखालून पलीकडे सोडायचे, अशी रीत आहे. अनेक ओढ्यांचे पाणी अशा रीतीने एकाच तोंडातून बाहेर पडते. भरावामागे ते काही काळ तुंबते, गाळ बसतो, जमीन खोलवर भिजते. तुम्हाला दिसणारे गडद पट्टे या तुंबाच्या जागांचे आहेत.

आराखडा करताना आम्ही या जागांकडे पुराची सोय म्हणूनच पाहत असू. तेथे एक नवे रान उभे राहील, असा विचार माझ्यासमोर कोणी मांडलेला मला आठवत नाही, आणि मीही तो कधी केला नाही, याची आज खंत वाटते.

अबोली

वाचनखूण साठवली आहे. सुपर पॅसेज हा शब्द प्रथमच वाचला.

सौंदड

पाटकरी यांनी वरच्या अंगाचे चित्र स्पष्ट केले आहे. मी खालच्या अंगाबद्दल लिहिते, कारण वनस्पतींच्या दृष्टीने मोठी घडामोड तेथे होते आणि ती कोणी मोजत नाही.

वाळवंटातले झुडूप केवळ स्वतःवर पडलेल्या पावसावर जगत नाही. टूसॉनला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस होतो, फीनिक्सला सुमारे २००. आणि उन्हाळ्यातला पाऊस तर थोड्या वेळात, जोराच्या सरींनी येतो. टणक झालेल्या जमिनीवरून त्यातले बरेच पाणी पातळ थराने पसरत खाली वाहते आणि वाटेत झुडपांच्या बुंध्याशी आणि ओढ्यांच्या वाळूत मुरते. कोरड्या ओढ्यांच्या काठी पालो व्हर्दे, आयर्नवुड आणि मेस्कीट ही झाडे उंच आणि दाट वाढतात, तर चार पावलांवरच्या माळावर क्रिओसोटची खुरटी झुडपे दूर दूर उभी असतात. हा सगळा फरक वरून आलेल्या उसन्या पाण्याचा आहे. (मेस्कीट म्हणजे आपल्या शमीचे जवळचे नातलग. आपल्याकडे माजलेली वेडी बाभूळही त्याच गोतावळ्यातली.) कालवा हे उसने पाणी मध्येच तोडतो.

याचा पुरावा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टपेक्षा जुन्या कालव्यावर मिळतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जाणारा कोलोरॅडो रिव्हर ॲक्वेडक्ट १९३०च्या दशकात बांधला गेला, तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारे बांध घातले होते. सुमारे अर्ध्या शतकानंतर, १९८०च्या दशकात, अभ्यासकांनी पाणी तुटलेल्या पट्ट्यांतली आणि शेजारच्या, पाणी चालू राहिलेल्या पट्ट्यांतली झुडपे मोजून पाहिली. दोन्हीकडे पाऊस सारखाच होता. तरी पाणी तुटलेल्या भागात क्रिओसोट आणि बरसेज या दोन्ही झुडपांचा पसारा उणा भरला.

एक गोष्ट विसरू नये. वरच्या अंगाची हिरवळ काही पावसाळ्यांत डोळ्यांना दिसू लागते. खालच्या अंगाचे आयर्नवुड मात्र शेकडो वर्षे जगणारे झाड आहे. त्याचे पाणी तुटले तरी ते लगेच मरत नाही. फांद्या एकेक करून वाळतात, बी कमी धरते आणि नवी रोपे रुजत नाहीत. चित्रात ते झाड अजून झाड म्हणूनच दिसते.

मृगनक्षत्र

वन्यजीवशास्त्राची विद्यार्थिनी असताना टूसॉनच्या पश्चिमेला याच कालव्याच्या आसपास मी काही महिने पायी फिरले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

म्यूल डिअर हे पाला, कोवळे शेंडे, शेंगा आणि फळे खुडून खाणारे जनावर आहे. गवतावर त्याची भिस्त फारशी नसते. त्यामुळे वाळवंटात त्याचा वावर कोरड्या ओढ्यांना धरून असतो. तेथे खाणे मिळते, दुपारी बसायला सावली मिळते, आणि एका टेकडीवरून दुसरीकडे जाताना अंग झाकायला आडोसा मिळतो. पाडसांचा जन्म बहुतेक जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान होतो, म्हणजे पावसाने नवा पाला फुटण्याच्या वेळेशी मेळ साधलेला असतो. पाडसाला दूध पाजणाऱ्या मादीला त्या दिवसांत पाणी, पाला आणि दाट आडोसा या तिन्ही गोष्टी जवळजवळ लागतात.

आता भरावामागच्या हिरव्या पट्ट्यात काय असते? पाला असतो, सावली असते, आणि पावसानंतर काही दिवस डबकीही असतात. हरणे तेथे येतात, यात मला शंका नाही. लेंड्या आणि खुरांचे ठसे मी स्वतः पाहिले आहेत. तेवढ्यापुरते धागालेखकांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु एक ठसा माझ्या मनातून जात नाही. एका सकाळी हरणांच्या खुरांची एक माग ओढ्याने खाली येत होती. ती भरावावर चढली, कालव्याच्या तारेच्या कुंपणापाशी आली आणि वळून कुंपणाच्या कडेने सरळ चालत राहिली. मी तिच्यामागे बराच वेळ चालले. ती ओलांडायची जागा शोधत असावी असे मला वाटले, कारण मध्ये दोनदा ती कुंपणाकडे वळून परत फिरली होती. पुढे खडकाळ जमीन लागली आणि माग हरवली.

त्यामुळे 'उपयोग करतात का' हा प्रश्न मी दोन भागांत विचारेन. एका जागी उभे राहून खाण्यासाठी उपयोग करतात का? होय. ऋतूप्रमाणे डोंगरापासून दरीपर्यंत फिरताना उपयोग होतो का? तेथे कालवा आडवा येतो.

दूरदर्शी

मला हा सूर थोडा एकांगी वाटतो. वाळवंटात सर्वांत मोठी अडचण पाण्याची. शेकडो किलोमीटर लांबीचा पाण्याचा साठा हरणांच्या दाराशी आणून ठेवला, आणि आपण चार वाळलेल्या झुडपांची चिंता करत आहोत. पाणी जवळ आले म्हणजे पूर्वी ज्या भागात हरणे उन्हाळ्यात राहू शकत नव्हती तेथेही ती राहू शकतील. हा लाभ आपण हिशेबात का धरत नाही?

मृगनक्षत्र

दूरदर्शी, तुमचा मुद्दा नैसर्गिक पाणवठ्याला तंतोतंत लागू पडतो. उन्हाळ्यात म्यूल डिअर पाण्यापासून फार दूर राहत नाहीत, हे खरेच आहे. पण या कालव्याचा छेद पाहा: वर सुमारे २४ मीटर रुंद, तळाशी सुमारे ७ मीटर, खोली सुमारे ५ मीटर, बाजू काँक्रीटच्या, तिरक्या आणि गुळगुळीत. ओल्या काँक्रीटवर खूर ठरत नाही. पाणी प्यायला उतरलेले किंवा पोहून पलीकडे निघालेले हरीण बाहेर येण्यासाठी पुन्हा पुन्हा धडपडते, थकते आणि बुडते. कॅलिफोर्नियातील कोचेला कालव्यात आणि ॲरिझोनातील इतर कालव्यांत अशा घटनांची नोंद झालेली आहे. त्यावर उपाय म्हणून चढउतारासाठी खडबडीत उतरण्या बांधल्या गेल्या, कुंपणे घातली गेली, आणि कुंपणाबाहेर वेगळे पाणवठे करून दिले गेले. म्हणजे हरणाला पाणी मिळते ते त्या लहान पाणवठ्याचे. कालव्यातले पाणी त्याला दिसते, पण पिता येत नाही.

काटेसावर

शब्दांबाबत एक खुलासा आधी करतो. मराठीत आपण चिंकारा आणि काळवीट यांनाही सर्रास हरीण म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या ज्यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येतात ती खरी हरणे, आणि ज्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात ते कुरंग. म्यूल डिअर पहिल्या गटातले, चिंकारा दुसऱ्या. हे सांगण्याचे कारण असे की मी जे उदाहरण देणार आहे ते कुरंगाचे आहे, पण विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

राजस्थानातील इंदिरा गांधी कालवा पंजाबातील सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरिके येथून निघतो. काम १९५८ मध्ये सुरू झाले. पोषक कालवा धरून त्याची लांबी ६४९ किलोमीटर आहे, आणि १ जानेवारी १९८७ रोजी पाणी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडला पोहोचले. येथे ॲरिझोनासारखा ओढे तुटण्याचा प्रश्न गौण आहे, कारण टेकाडांच्या त्या वाळूत ओढेच फारसे नाहीत. तेथे झाडोरा बदलला तो कालव्यातून पाणी बाहेर काढून जमिनीवर सोडल्यामुळे. सेवण गवताची कुरणे आणि फोगाची झुडपे नांगराखाली गेली. कालव्याच्या कडेने वाळू थोपवण्यासाठी शीशम, निलगिरी, इस्रायली बाभूळ अशी झाडे लावली गेली. जेथे जमिनीखाली पाणी न मुरणारा कठीण थर होता, तेथे पाणी वर आले. त्या भागात या रोगाला 'सेम' म्हणतात. अशा जागी शीशमची झाडे उभी वाळली आणि पाणकणीस माजले. हिरवा रंग तेथेही वाढला आहे, आणि उपग्रहचित्रात तो फार सुंदर दिसतो.

टिटवी

काटेसावर यांच्याशी सहमत. त्या भागात मी दोन हिवाळे पक्षी पाहण्यासाठी गेले होते, तेव्हा चिंकाऱ्यांकडे आपोआप लक्ष गेले. चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो. पाला, बोरे आणि दव यांतून त्याची गरज बरीचशी भागते. त्यामुळे कालव्याचे पाणी ही त्याच्यासाठी मोठी देणगी ठरत नाही. त्याला हवी असते ती मोकळी, दूरवर नजर जाईल अशी जमीन, कारण धोका लांबून पाहणे आणि पळणे हेच त्याचे संरक्षण. कालव्याकाठच्या दाट झाडीत मला एकही चिंकारा दिसला नाही. जे दिसले ते पडीक वाळूत आणि पिकांच्या कडेला, आणि तेथे शेतांची तारेची कुंपणे व मोकाट कुत्री या दोन गोष्टींनी त्यांना घेरलेले होते. नीलगायींचे मात्र उलट आहे. सिंचनाची पिके आणि झाडीचा आडोसा त्यांना मानवला आहे. म्हणजे एकाच हिरवळीने एका जनावराला जागा दिली आणि दुसऱ्याची काढून घेतली.

वाळूवरची_रेघ

सर्वांचे मनापासून आभार. 'हिरवळ वाढली म्हणजे भले झाले' हे माझे गृहीतक आता माझ्याच डोळ्यांदेखत मोडत आहे, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. पण अस्तराबद्दल एक शंका आहे. काँक्रीट नसते, साधा मातीचा कालवा असता, उतरण सौम्य असती, काठाला पाझरावर झाडी वाढली असती, तर तो हरणांना जवळजवळ नदीसारखा ठरला नसता का?

पाटकरी

रास्त शंका आहे, आणि त्याचे उत्तर त्याच मुलखात सापडते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण सीमेलगत वाळूच्या टेकड्यांतून जाणारा ऑल अमेरिकन कालवा १९३०च्या दशकात मातीचाच खोदला गेला. त्याचा पाझर मोठा होता, आणि त्या पाझरावर काठाने व सीमेपलीकडे मेक्सिकोत पाणथळी आणि झाडी तयार झाली. पुढे पाण्याचा हिशेब कडक झाल्यावर सुमारे ३७ किलोमीटरचा भाग काँक्रीटचा करण्यात आला. ते काम २००९च्या सुमारास झाले. पाझर थांबला की त्यावर उभा राहिलेला झाडोरा निराधार होतो.

अस्तरीकरणाचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. गळणारे पाणी वाचवणे हे आमचे कर्तव्यच होते, आणि ते मी आजही मानतो. परंतु पाझरावर वाढलेले रान हे कायम टिकणारे नसते. ते कोणाच्या तरी निष्काळजीपणावर उभे असते, आणि काळजी घेणारा माणूस आला की संपते. ज्या हरणांच्या दोन-चार पिढ्या त्या झाडीत वाढल्या, त्यांना ही गोष्ट कळण्याचा मार्ग नसतो.

उंबरठा

कालव्याच्या दोन्ही काठांची चर्चा झाली. त्याच्या तोंडाशी काय होते तेही पाहावे, अशी विनंती.

तुर्कमेनिस्तानातील काराकुम कालव्याचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. सुमारे १,३७५ किलोमीटर लांबीचा हा कालवा अमू दर्या नदीचे पाणी वाळवंटातून पश्चिमेकडे नेतो. त्याला बहुतांशी अस्तर नाही, त्यामुळे वाटेत तळी, बोरूची बने आणि क्षारपड जमीन असे सर्व काही निर्माण झाले. आता नदीकडे वळू. अमू दर्याच्या काठाला 'तुगाई' नावाचे रान असते: पॉप्लर, विलो, झाऊ आणि उंच बोरू यांची दाट पट्टी. बुखारा हरीण (काटेसावर, हे खरे हरीण आहे) याच पट्टीत राहते. त्या रानाला नदीचा वार्षिक पूर लागतो. शेतीसाठी तुगाई तोडली गेली, शिकार झाली, आणि धरणे व कालव्यांनी पूर हिरावला. या सर्वांचा परिणाम म्हणून १९९९च्या सुमारास मोकळ्या रानातल्या बुखारा हरणांची संख्या चारशेच्या आत आली होती. त्यानंतर संरक्षण आणि पुनर्वसनाच्या कामामुळे ती वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट.

एका ठिकाणी वाळवंट हिरवे झाले तर दुसऱ्या ठिकाणी नदीकाठ वाळला. काराकुमच्या काठावरची बोरूची बने पाहून त्या हरणांचा हिशेब मांडता येणार नाही.

दूरदर्शी

उंबरठा यांच्या प्रतिसादाने मला विचार करायला लावले. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी पाण्याला एकटे धरून बोललो; ते कोठून आले आणि कोणाच्या आवाक्यात आहे, हे प्रश्न मी सोडून दिले होते. तरीही एक म्हणणे कायम ठेवतो. कालवे तर होणारच, कारण माणसांना पाणी लागते. मग हानी कमी करण्याचा काही मार्ग कोणी प्रत्यक्षात आणला आहे का? तसे उदाहरण असेल तर ते येथे यायला हवे.

मृगनक्षत्र

आहे, आणि ते मूळ प्रश्नातल्या कालव्यावरच आहे.

टूसॉनच्या पश्चिमेला आव्रा खोऱ्यात हा कालवा येऊ लागला, तेव्हा टूसॉन डोंगररांग आणि पश्चिमेकडच्या डोंगररांगा यांच्यातील जनावरांची ये-जा बंद होईल, हे ध्यानात आले. त्या डोंगररांगेत सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचा पश्चिम भाग आहे. तो एकाकी पडला असता. म्हणून अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशनने १९९० मध्ये तेथे सुमारे एक हजार हेक्टर जमीन घेऊन ती मोकळी राखली. तिला टूसॉन मिटिगेशन कॉरिडॉर म्हणतात. त्या पट्ट्यात काही ठिकाणी कालवा उघडा न ठेवता जमिनीखालून सायफनने नेला आहे. पाटकरी यांनी सांगितलेल्या रीतीच्या हे अगदी उलट झाले: ओढ्याला वळवून कालव्याच्या सोयीच्या जागी आणण्याऐवजी कालव्यानेच ओढ्याखाली वाकून वाट दिली. ओढा आपल्या जागी राहिला, त्याची वाळू, त्याचे पाणी आणि त्याच्या काठची झाडे राहिली, आणि त्या वाटेने हरणेही राहिली. ॲरिझोना विद्यापीठातील अभ्यासकांनी केलेल्या पाहणीत म्यूल डिअर या पट्ट्याचा वापर करत असल्याचे आढळले.

तेथे उभे राहिल्यावर पायाखाली कालवा आहे हे कळतही नाही. मात्र ही जागाही निर्धास्त नाही. प्रस्तावित आंतरराज्य महामार्ग ११चा एक पर्यायी मार्ग त्याच खोऱ्यातून सुचवला गेला आहे.

सौंदड

मृगनक्षत्र यांच्या उदाहरणात माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की तेथे हरणांसाठी नुसता पूल बांधला नाही, तर पाण्याची वाट राखली. पुलावरून हरीण पलीकडे जाईल. पण पलीकडचे आयर्नवुड वाळलेले असेल तर ते तेथे थांबेल कशासाठी?

पाटकरी

सायफनला खर्च जास्त येतो, आणि पाण्याचा दाबही थोडा खर्ची पडतो. या कालव्यात पाणी वाटेत पंपांनी एकूण ८८० मीटरहून अधिक उंच उचलावे लागते, त्यामुळे तेथे दाबाची प्रत्येक वीत मोलाची आहे. प्रत्येक ओढ्याला हे जमणार नाही. परंतु कोणते दहा ओढे राखायचे, हे आखणी करताना वनस्पती व वन्यजीव जाणणाऱ्याला बरोबर घेऊन ठरवता येते, आणि आखणीच्या वेळी ते स्वस्तात पडते. माझ्या हाताखाली आज तरुण अभियंते असते तर मी त्यांना हा धागा वाचायला दिला असता.

वाळूवरची_रेघ

मृगनक्षत्र यांचा प्रतिसाद वाचून मी लगेच उपग्रहचित्र उघडले आणि टूसॉनच्या पश्चिमेला गेलो. उत्तरेकडून कालव्याची निळी रेघ धरून खाली येत असताना आधी तेच ओळखीचे चित्र होते: वरच्या अंगाला गडद, खालच्या अंगाला फिकट. मग एका ठिकाणी ती निळी रेघ तुटते. तेथे पूर्वेकडून ओढ्याची वेडीवाकडी गडद रेघ येते, निळ्या रेघेच्या दोन टोकांमधून जाते, आणि पलीकडे तितकीच गडद राहून खोऱ्यात उतरते. मी ती दूरवर पाहत गेलो. ती कोठेही फिकट झालेली नाही.